ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क बदलायलाच हव्यात का?

तुम्ही लिहिलंय की गाडी ७० हजार किलोमीटर चालली आहे, ८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि गॅरेजवाला म्हणतो, पुढच्या दोन्ही डिस्क बदला, पॅड चालतील. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, पॅड म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंनी धरणारे तुकडे.) डिस्कबद्दल त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. पॅडचं अजिबात पटलं नाही. जुन्या डिस्कवर घासून पॅडला तिचाच आकार आलेला असतो. नव्या सपाट डिस्कवर तो सगळीकडे टेकत नाही. डिस्क नव्या तर पॅडही नवे.

मी चिपळुणात गॅरेज चालवतो. कुंभार्ली घाट उतरून तापलेल्या गाड्या आणि पावसाळाभर दारात उभ्या राहून गंजलेल्या गाड्या, डिस्कची कामं बहुतेक ह्याच घेऊन येतात.

आधी एक खात्री करा. ब्रेक न लावताही थरथर असेल तर टायर आणि बॅलन्सिंग बघा. पेडल आणि सीटमध्ये जास्त जाणवत असेल तर मागचे ड्रम तपासा. फक्त ब्रेक लावल्यावर आणि स्टिअरिंगमध्येच असेल, तर पुढच्या डिस्कवर संशय घ्यायला हरकत नाही.

पण बदलायचं ते मोजून. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंच भागावर ‘मिन टीएच’ अशी अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला असतो. ती तिची किमान जाडी. नवी डिस्क २२ मिमीची असेल तर हा आकडा साधारण २० असतो, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून जेमतेम २ मिमी झीज चालते. मोजताना एक काळजी घ्या. बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोचत नाही, तिथे कंगोरा उभा राहतो. व्हर्नियर त्यावर टेकला की झिजलेली डिस्कही नवीच भासते. म्हणून मायक्रोमीटर घेऊन कंगोऱ्याच्या आत, सात-आठ ठिकाणी मोजायला सांगा, आणि तेही तुमच्यासमोर. ठिकठिकाणच्या जाडीत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरक असला तरी तो हाताला जाणवतो.

हा फरक येतो कुठून? लोक म्हणतात डिस्क तापून वाकली. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत खरं कारण बऱ्याचदा हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर असतं. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा धरला की डिस्क किंचित तिरकी बसते आणि ब्रेक न लावताही प्रत्येक फेरीला त्याच जागी पॅडला चाटते. हजारो किलोमीटर चाटून ती जागा झिजते. तोच गंजका हब ठेवून नवी डिस्क चढवली, तर काही महिन्यांत थरथर परत हजर! तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरने हब चकचकीत करून घ्या, बोल्टच्या बुडाशीसुद्धा. मग डायल गेज, म्हणजे डोलणं मोजणारं घड्याळासारखं माप, लावून डिस्क फिरवायची. ०.०५ मिमीच्या आत डोलली तर उत्तम. जास्त डोलली तर हबच्या बोल्टवर डिस्क एक भोक पुढे सरकवून परत बघायची.

जाडी पुरेशी शिल्लक असेल तर लेथवर फेस मारूनही, म्हणजे वरचा थर तासून सपाट करूनही भागतं. मात्र तडा गेलेली, खोल खड्डे पडलेली किंवा फेस मारल्यावर किमान आकड्याच्या खाली जाणारी डिस्क सरळ भंगारात टाका. रात्रीच्या पावसाने आलेला तांबूस थर काहीच नाही, दोन-चार ब्रेकमध्ये जातो.

डिस्क हबला चिकटली असेल तर हातोड्याआधी तिच्यावरची आटे पाडलेली दोन भोकं शोधा. बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत ती असतात. त्यात ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळले की डिस्क आपणहून सुटते. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लटकू देऊ नका, तारेने बांधा. नव्या पॅडला जागा करायला कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. ते सांडलं तर रंग जातो. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं. चाकाचे नट समोरासमोर, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) आवळायचे. गनने कमी-जास्त आवळले की हबवर केलेली मेहनत वाया. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, कारण पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये डिस्कला वारा लागू देत, वीसेक वेळा. हे झाल्याशिवाय घाट उतरू नका.