निम्मं मन देऊ नकोस

बेटा, बाप्तिस्मा झाला. आता खरी कसोटी रविवारी नाही, सोमवारी आहे. सातपूरच्या कारखान्यात मोजमाप लिहिताना आकडा खराच लिही, साहेब बघत असोत वा नसोत. मी तरी त्याला उपासनेइतकीच सेवा मानतो. सकाळी मोबाइलआधी पवित्र शास्त्र उघड, एक अध्याय पुरे. मन लागलं नाही तरी बस.

आपल्या नाशिकमधल्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट तुला माहीत असायला हवा. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यानं आणि सोबत्यांनी त्यांचं शव शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलं. महिनोन्‌महिने, आजारपणातही ओझं वाटेत न टाकता!

आणि भावाशी धरलेला अबोला चर्चमधल्या येत्या प्रभुभोजनाआधी सोड. फोन नको, घरी जा.