पिंडाला कावळा का शिवत नाही?

प्रश्न : मी किशोरांसाठी जादूची कादंबरी लिहीत आहे. नायिका ठाण्याची आहे आणि तिची प्रेयसी मरते. मंत्राने तिला परत आणावे काय? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : तशी घाई करू नका. समलिंगी प्रेमातल्या एकाला मारून टाकण्याची कथाकारांची खोड जुनी आहे आणि तरुण वाचक ती चटकन ओळखतात. मात्र मृताला उठवणे हा त्यावरचा उतारा नव्हे. तुमच्या नायिकेचे खरे दुःख असे, की शोक करण्याचा अधिकारच तिला कोणी देत नाही. दहाव्याच्या दिवशी ती ‘वर्गातली मैत्रीण’ म्हणून मागे उभी असेल, पिंडाला कावळा शिवत नसेल, काका-मामा एकेक वचन देऊन थकले असतील, आणि तिला पुढे बोलवावे असे कोणालाही सुचत नसेल. जादू येथेच आहे. एडन थॉमस यांच्या ‘सेमेटरी बॉईज’ या इंग्रजी किशोर-कादंबरीत (२०२०) घरच्यांनी आपल्याला पुरुष मांत्रिक मानावे म्हणून ट्रान्स (पारलिंगी) नायक मारल्या गेलेल्या नात्यातल्या भावाचा आत्मा बोलावू पाहतो आणि भलताच आत्मा हजर होतो, तेथेही शोक आणि ओळख यांची गाठ विधीतच पडते. मंत्र ठेवायचाच असेल, तर त्याची किंमत आधी ठरवा, आणि मृत मुलीला नायिकेच्या आठवणींपलीकडचा स्वभाव द्या, निदान दोघींचे एखादे न मिटलेले भांडण तरी!