पोटभर खाऊनही माझी मांजर पक्षी-उंदीर का मारून आणते? ही सवय कशी मोडू?

तुम्ही लिहिलंय की मांजर दोन वर्षांची आहे, दोन्ही वेळा पोटभर खाते, तरी आठवड्यातून दोनतीनदा काहीतरी मारून आणतेच. परवा पहाटे तिने उशाशी चिमणीचं पिल्लू आणून ठेवलं, तुम्ही रागाने फटका मारलात आणि तेव्हापासून ती पलंगाखालून बाहेर यायला तयार नाही.

आधी त्या फटक्याबद्दल बोलते, कारण बाकी सगळं त्याच्यानंतरचं आहे. पुन्हा मारू नका. शिकार केव्हाच होऊन गेली होती. त्या फटक्याचा संबंध ती पिल्लाशी जोडत नाही, तुमच्या हाताशी जोडते. आत हात घालून तिला ओढूही नका. वाटी पलंगापासून हातभर अंतरावर ठेवा आणि तुम्ही जमिनीवर बसून तुमचं काम करत राहा.

आता भुकेचं. मांजराच्या बाबतीत भूक आणि शिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1976 साली यावर एक प्रयोग झाला. मांजरं आवडीचं खाणं खात असताना जवळच उंदीर सोडला. मांजरांनी खाणं अर्धवट टाकलं, उंदीर मारला, तो तोंडात धरून ताटलीपाशी आणला आणि परत ताटलीतलंच खायला लागली! विचार केला तर यात शहाणपण आहे. रानातल्या मांजराच्या बऱ्याच झेपा फुकट जातात आणि एका उंदरात चार घासांपलीकडे काही नसतं. भूक लागल्यावर शिकारीला निघायचं ठरवलं असतं, तर ही जात कधीच उपाशी मेली असती. म्हणून सावज हललं की पोट भरलेलं असो वा रिकामं, अंग धावतं. आणि माणसाने मांजर जवळ केलं तेही याच गुणासाठी. धान्य साठायला लागलं, उंदीर आले, उंदरांमागून रानमांजरं आली. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे, तिच्या अगदी शेजारी मांजर पुरलेलं आहे. म्हणजे सोबत इतकी जुनी, पण एवढ्या काळात आपण तिची शिकार मोडायचा प्रयत्न कधी केलाच नाही.

एकदा तिला खिडकीत नीट बघा. आमची चिंगी बाहेर पक्षी दिसला की आधी दगड होते. कान पुढे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. मग पोट जमिनीला टेकतं, मागचं अंग डावी-उजवीकडे हलतं, शेपटीचं फक्त टोक वळवळतं. सावज अगदी तोंडाजवळ आलं की मिशा पंख्यासारख्या पुढे येतात, कारण वीतभर अंतरावरचं मांजराला स्पष्ट दिसत नाही. तिथे डोळ्यांचं काम मिशा करतात. आणि सुळे बरोबर मानेच्या दोन मणक्यांमध्ये शिरतात. हे तिला कुणी शिकवावं लागत नाही, आईजवळ राहिलेलं पिल्लू फक्त जास्त सफाईने करतं. तुम्ही विचारलंत ती क्रूर आहे का. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो हे खरंच आहे, पण त्या खेळातही भीती असते. उंदीर उलटा चावतो, म्हणून तो दमेपर्यंत ती पंजा मारून मागे सरते. उशाशी ठेवते त्याला बरेच लोक भेट समजतात. मला तसं वाटत नाही. शिकार घेऊन जिथे निर्धास्त वाटतं तिथे ती येते, आणि तुमची उशी तिच्यासाठी ती जागा होती.

पण त्या पिल्लाचाही जीव जीवच आहे. काही वर्षांपूर्वी मी चिंगीच्या तोंडातून असंच एक पिल्लू सोडवलं. रक्ताचा थेंब नाही, पंख शाबूत, तळहातात काळीज धडधडत होतं. वाचलं म्हणून मी खूश झाले, झाडाखाली ठेवायला निघाले होते. दुसऱ्या सकाळी ते मेलेलं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पिसं बाजूला करून सुईच्या टोकाएवढी दोन भोकं दाखवली. मांजराच्या तोंडातले जीवाणू एवढ्याशा जखमेतूनही रक्तात पसरतात आणि लहान पक्षी त्यात दगावतो. तेव्हापासून मी एकच करते: भोकं पाडलेल्या झाकणाच्या खोक्यात मऊ कापड, आत अंधार, चोचीत पाणी ओतायचं नाही, आणि लगेच डॉक्टरांकडे. तिथे पहिलं वाक्य ‘मांजराने धरलं होतं’ हे सांगा. अँटिबायोटिक द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं.

एकट्या मांजराने काय फरक पडतो असं वाटू शकतं. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर 1894 च्या सुमारास दीपगृहासोबत मांजरं पोचली आणि तिथला न उडणारा एक छोटा पक्षी काही वर्षांत जगातूनच संपला. अमेरिकेत मांजरं वर्षाला किमान 130 कोटी पक्षी मारतात असा 2013 चा अंदाज आहे. त्यात मोठा वाटा बेवारस मांजरांचा असला तरी आपल्या घरातलीचा वाटा कमी करणं आपल्या हातात आहे.

सवय मोडणार नाही, पण शिकार कमी होते. 2021 मध्ये एक्सेटर विद्यापीठाने इंग्लंडमधल्या पाळीव मांजरांवर हे मोजून पाहिलं. रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने घरी आणलेली शिकार 25 टक्क्यांनी घटली, धान्य नसलेलं आणि भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर 36 टक्क्यांनी. गळ्यातल्या घुंगराचा उपयोग दिसला नाही. रंगीत कापडी पट्ट्याने पक्ष्यांची शिकार कमी झाली, कारण पक्ष्यांना रंग लांबून दिसतो. पट्टा घातलात तर अडकल्यावर आपोआप सुटणाराच घ्या.

खेळवण्यात मात्र बहुतेकांचं चुकतं. खेळणं तिच्या तोंडासमोर नाचवायचं नाही. कुठलंही सावज मांजराकडे धावत येत नाही. पिसं बांधलेली दोरी तिच्यापासून लांब न्या, उशीमागे लपवा, थांबा, थोडीशी थरथरवा. झेप घेऊ द्या, दातात धरू द्या, आणि लगेच जेवण द्या, म्हणजे शिकार पूर्ण झाली. नुसता लेझरचा ठिपका नको, तो कधीच हाती लागत नाही आणि मांजर चिडचिडं होतं. हाताची बोटं खेळणं म्हणून वापरू नका. खेळ झाला की दोरी कपाटात, कारण गिळली तर आतडी कापली जाऊ शकतात.

पहाटे आणि तिन्हीसांजेला तिला आत ठेवा, तीच तिची शिकारीची वेळ. पिल्लं घरट्याबाहेर पडायच्या दिवसांत तर दिवसभर. उंदीर खात असेल तर जंताचं औषध वेळेवर द्या आणि आसपास उंदरांचं विष टाकलंय का विचारा. विष खाल्लेला उंदीर तिच्याही जिवावर बेततो. घरात कुणी गरोदर असेल तर मांजराची शीची पेटी दुसऱ्याने, रोजच्या रोज साफ करावी.

आणि आज संध्याकाळी पलंगासमोरून एक दोरी जमिनीलगत हळू ओढून बघा. तिच्याकडे बघू नका, दोरीकडे बघा. पहिल्यांदा नुसता पंजा बाहेर येईल. तो ओढू नका, तिला दोरी जिंकू द्या.