ट्रिनिदादला पहिलं स्केचबुक नेताय, तर

क्युबातलं ट्रिनिदाद (बेट नव्हे, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं गाव) सुरुवातीला उत्तम. सामान थोडंच न्या: ए-५ वही, वॉटरप्रूफ काळं पेन, रंगांची छोटी डबी. जाड कागदाची वही इथूनच घ्या, तिथे मिळेल या भरवशावर राहू नका.

नवखे हमखास पहिल्याच दिवशी अख्खा प्लाझा मायोर (गावातला मुख्य चौक) काढायला बसतात. चर्च, ताडाची झाडं, कौलं, सगळं! तासाभरात वैतागतात. त्याऐवजी एकच खिडकी घ्या. तिथल्या खिडक्या दाराएवढ्या उंच, भिंतीपुढे आलेल्या, लाकडी किंवा लोखंडी गजांच्या. आधी बाहेरचा चौकोन, मग आतला अंधार, गज शेवटी. ते मोजत बसू नका. पाच-सहा नीट जमले की भागतं. रस्त्यातल्या दगडांचंही तेच.

- भर दुपारी सावल्या पायाशी येतात, भिंती सपाट दिसतात. सकाळी लवकर किंवा चारनंतर बसा.
- खोडरबर खोलीवरच ठेवा.
- दमट हवेत रंग सावकाश वाळतो, पान लगेच उलटू नका.

पर्स्पेक्टिव्हचे (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवण्याचे) नियम सध्या राहू द्या. पहिली काही पानं बिघडतील, फाडू मात्र नका. आणि कुणी मागे उभं राहून बघायला लागलं तर वही झाकू नका, खुशाल दाखवा.