नंदगडची मंडळी

चिनू,

काल झोपताना विचारलंस, "आजोबा आजीला पहिल्यांदा कुठे भेटले? आणि ती त्यांना नावाने हाक का मारत नाही?" शाळेत सांगायला तुला एका ओळीचं उत्तर हवं होतं. ते जमेना, म्हणून डब्याबरोबर हे पत्र.

भेटले असं म्हणताच येणार नाही. 1971च्या मे महिन्यात आजोबा दोन महिन्यांच्या रजेवर येळ्ळूरला आले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीत होते ते. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे आपल्याकडे फौजी जावई म्हणजे काही नवल नाही. मामांनी नंदगडचं स्थळ काढलं आणि सात-आठ माणसं मुलगी बघायला गेली.

आजी सांगते, "मी तोंड कुठलं बघतो! मी बूट बघितलो." (हसू नकोस, आपल्याकडच्या बायका असंच बोलतात. फोनवर मीही "ठेवतो गे" म्हणते, ऐकलंयस तू.) पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली, तर पायरीपाशी चपलांचा ढीग, आणि बाजूला टाचेला टाच लावून ठेवलेले काळे बूट. इतके चकचकीत की त्यात दाराची चौकट दिसत होती. आजोबांनी तिला नीट पाहिलं का, देव जाणे. ते विचारल्यावर पोहे तिखट होते एवढंच सांगतात.

पसंती मोठ्यांनी कळवली, सुपारी फुटली. लग्न धरलं मार्गशीर्षात, तुळशीचं लग्न लागल्यावर. पत्रिकाही छापून आल्या आणि नोव्हेंबरात तार आली: रजा रद्द.

3 डिसेंबरला युद्ध पेटलं. पलटण पूर्वेला, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या बाजूला. नंदगडात एक-दोघं म्हणायला लागले, अजून अक्षता पडल्या नाहीत, मोडा सोयरीक. तेव्हा माझ्या आजोबांनी, म्हणजे आजीच्या वडिलांनी, थेट मुलीलाच विचारलं, "काय करायचं गे?" त्या घरात मुलीला असं कुणी विचारत नसे. आजी म्हणाली, "बघूया की." मोठ्या गोष्टींना ती अजूनही एवढंच म्हणते.

16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. येळ्ळूरला इनलँड यायला त्यानंतरही बरेच दिवस गेले. वर पत्ता 99 एपीओ, म्हणजे फौजी टपालाचा, बाकी काही नाही. पत्र आलं की ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचायचं. अशा पत्रात होणाऱ्या बायकोला काय लिहिणार? वडिलांना शिरसाष्टांग, म्हैस व्याली का, भात किती झालं, आणि शेवटी एक ओळ: "नंदगडच्या मंडळींना खुशाली कळवावी."

सगळ्यांना वाटलं, व्याह्यांबद्दल लिहिलंय. निरोप गेला तसाच नंदगडला. पण मराठीत मंडळी म्हणजे घरची माणसं, तशीच मंडळी म्हणजे बायकोही. चुलीपुढे बसून आजीने ऐकलं आणि तिला बरोबर कळलं. आजोबांना विचारशील तर म्हणतील, मी व्याह्यांनाच लिहिलं होतं. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस.

नाव न घेण्याचं म्हणशील, तर नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं जुन्या बायका मानत. मला ते कधी पटलं नाही, मी तुझ्या बाबांना खुशाल नावाने हाक मारते. पण आजीच्या "अहो"ला आजोबा माजघरातून ज्या घाईने उठतात, तसे तुझे बाबा माझ्या हाकेला उठत नाहीत, हेही खरं.

पौषात लग्नं लागत नाहीत, म्हणून 1972च्या माघात लागलं. नव्या पत्रिका कोण छापणार? मामांनी जुन्यांवरच तारीख खोडून शाईने नवी लिहिली. एक अजून ट्रंकेत आहे, पुढच्या वेळी दाखवीन. रजा एकोणीस दिवसांची, त्यातले चार प्रवासातच गेले.

उखाण्यात मात्र नाव घ्यावंच लागतं. आजीने स्वतः जुळवला होता:

"पायरीपाशी बूट, बुटात दिसली ओटी,
अमुकरावांचं नाव घेतो, रजा लई छोटी."

अमुकच्या जागी काय ते रविवारी फोनवर तिलाच विचार. आजोबा शेजारी बसलेले असताना विचार.

तुझी आई