चॉसर ‘आद्यकवी’ की ‘जनक’?

प्रश्न असा : चॉसरला ‘इंग्रजीचा आद्यकवी’ म्हणणं बरोबर आहे का? की ‘आदिकवी’ म्हणावं? आणि त्याच काळातल्या लँगलंडला मग काय म्हणायचं?

‘आदिकवी’ आधी बाजूला ठेवू. ‘आदि’वरूनच ‘आद्य’ हे विशेषण झालं, तेव्हा अर्थाची अडचण नाही. पण मराठीत आदिकवी म्हटलं की वाल्मीकीच. (कन्नडमध्ये पंप आणि तेलुगूत नन्नय आदिकवी ठरले, तो तिकडचा रिवाज.) आपल्या मुकुंदराजांसाठी आपण ‘आद्यकवी’ वापरतो, आणि खरी मेख तिथेच आहे. तो मान त्यांना परंपरेने मिळाला तो ‘विवेकसिंधू’च्या शके 1110, म्हणजे इ.स. 1188, या सालामुळे. मराठी कवितेला वळण लावलं ज्ञानेश्वरांनी, तरी त्यांना कोणी आद्यकवी म्हणत नाही. मराठीत हा शब्द कालक्रमाचा आहे, थोरवीचा नाही.

त्या मापाने चॉसर (सुमारे 1343 ते 1400) बसत नाही. नावानिशी माहीत असलेला सर्वांत जुना इंग्रजी कवी कॅडमन, सातव्या शतकातला. व्हिटबीच्या मठातल्या या गुराख्याची हकिकत बीड या इंग्रज संन्यासी इतिहासकाराने 731 मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात आहे. चॉसर त्याच्यानंतर सातशे वर्षांनी आला.

इंग्रजीत चॉसरला जी पदवी चिकटली ती ‘इंग्रजी काव्याचा पिता’ ही. त्याच्याच पुढच्या पिढीतला कवी हॉक्लिव्ह त्याला ‘पूज्य पिता’ म्हणतो आणि ‘आपल्या सुंदर भाषेचा पहिला शोधक’ही म्हणतो. हा ‘पहिला’ साल सांगणारा नाही. त्या काळी शोधणं म्हणजे विषय सुचणं, रचना बांधणं. कवी ड्रायडनने 1700 मध्ये पदवी पक्की केली. म्हणून मराठीत ‘जनक’ लिहावं. बापाला वंश लागतो, आणि चॉसरचा वंश दाखवता येतो : दहा अक्षरांची, पाच आघातांची (म्हणजे जोर देऊन उच्चारलेल्या अक्षरांची) ओळ, अशा ओळींच्या यमकबद्ध जोड्या, ज्या पुढे ड्रायडन आणि कवी अलेक्झांडर पोप यांनी घासूनपुसून घेतल्या, आणि सात ओळींचं कडवं, जे शेक्सपिअरने ‘ल्युक्रीस’मध्ये वापरलं.

लँगलंडची ‘पिअर्स प्लाऊमन’ (म्हणजे नांगऱ्या पिअर्स) ही दीर्घ कविता वेगळ्या घडणीची आहे. तिथे यमक नाही. ओळीचे दोन तुकडे, प्रत्येकात साधारण दोन आघात, आणि चारांपैकी निदान तीन आघातांवर एकच आरंभीचा ध्वनी. काव्याच्या पहिल्याच ओळीत सुमर, सेसन, सॉफ्ट, सुन असे चारही ‘स’ लागोपाठ येतात. याला मराठीत सरसकट ‘अनुप्रास’ म्हणतात, आणि वाचक फसतो. आपला अनुप्रास हा अलंकार. तो काढला तरी ओवी ओवीच राहते. इथे तो काढला की ओळच कोसळते. शिवाय आपला अनुप्रास शब्दात कुठेही चालतो, इथे वर्ण आघाताच्या अक्षराच्या सुरुवातीलाच हवा. म्हणून ‘आद्यवर्णांवर बांधलेलं वृत्त’ असं फोडून लिहिलेलं बरं. चॉसरला ही रीत ठाऊक होती. ‘कँटरबरी टेल्स’ या त्याच्या काव्यातल्या यात्रेकरूंपैकी पाद्री म्हणतो, मी दक्षिणेकडचा माणूस, मला ते ‘रम, रॅम, रफ’ जमत नाही. (आणि लगेच पुढे म्हणतो, यमकही मला फारसं बरं वाटत नाही.)

ते वृत्त सोळाव्या शतकात मावळलं, पण लँगलंडचा नांगऱ्या राहिला. 1381 च्या इंग्लंडमधल्या शेतकरी उठावात त्याचा एक पुढारी, धर्मोपदेशक जॉन बॉल, याच्या पत्रात पिअर्स प्लाऊमनचं नाव येतं. 1550 मध्ये क्रॉली या प्रकाशकाने काव्य छापलं आणि त्याच वर्षात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. धर्मसुधारकांना त्यात आपलाच आवाज ऐकू येत होता. चॉसरचा प्रभाव कवींच्या ओळीत उतरला, लँगलंडचा चर्चवर बोट ठेवणाऱ्यांच्या बोलण्यात. म्हणून लँगलंडला ‘जनक’ म्हणू नये. ‘चॉसरचा समकालीन’ पुरे.

जाता जाता वाचनाबद्दल. ड्रायडनने ज्या प्रस्तावनेत चॉसरला पिता म्हटलं, त्याच प्रस्तावनेत त्याच्या हजारो ओळी लंगड्या असल्याचंही म्हटलं. दोष चॉसरचा नव्हता. शब्दाच्या शेवटी येणारा हलका ‘अ’ तोवर बोलण्यातून गेला होता, म्हणून अक्षरं कमी भरत होती. संपादक टर्विटने ‘कँटरबरी टेल्स’च्या 1775 च्या आवृत्तीत हा हिशेब उलगडून दाखवला. मराठी वाचकाला तो चटकन कळावा : आपण बोलताना ‘घर्’ म्हणतो, पण वृत्तात ‘घर’ दोन अक्षरं मोजतो. ‘कँटरबरी टेल्स’च्या पहिल्या दोन ओळींचं यमक ‘सोट’ आणि ‘रोट’, दोन्हींतला ‘ट’ पूर्ण म्हणायचा.