गाइड घेण्याआधी परीक्षेचा आराखडा उघडून बघ

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. 2024 मध्ये अमरावतीहून सिव्हिलची बी.ई. केली. सव्वा वर्षापासून एका ठेकेदाराकडे गावांच्या पाणीपुरवठा योजनेवर साइट इंजिनीअर आहे. प्रकल्प व्यवस्थापनाचं पीएमपी हे प्रमाणपत्र मिळवायचं आहे. ओळखीचा एक सीनियर 2018 चं जाडजूड गाइड चारशे रुपयांत देतो म्हणतो, सोबत ‘हमखास येणाऱ्या’ प्रश्नांची पीडीएफ. घेऊ का? की दुसरं कोणतं चांगलं?

उत्तर : ते गाइड घेऊ नकोस. पीडीएफ तर फुकट मिळाली तरी नको. अशा फुटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं चुकीची असतात, आणि ते वापरल्याचं उघड झालं तर ही परीक्षा घेणारी पीएमआय ही संस्था निकाल रद्द करू शकते.

गाइडच्या आधी परीक्षेचं बघू. चार वर्षांची पदवी असेल तर पीएमपीला प्रकल्पाचं नेतृत्व केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो. तुझे पंधराच महिने झालेत, आणि त्यातही नुसती देखरेख किती आणि नियोजन किती, हे तपासावं लागेल. आज तुझ्यासाठी योग्य परीक्षा त्याच संस्थेची, नवख्यांसाठीची सीएपीएम. तिला बारावी आणि प्रकल्प व्यवस्थापनाचं 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं, अनुभवाची अट नाही. पुढे पीएमपी देताना तिथली 35 तासांच्या प्रशिक्षणाची अटही सीएपीएममुळे पूर्ण झालेली धरतात. एक मात्र लक्षात ठेव : झेडपीच्या किंवा एमपीएससीच्या भरतीत या प्रमाणपत्राचा उपयोग नाही. खासगी बांधकाम कंपन्या आणि कन्सल्टन्सी यांच्याकडे जायचं असेल तरच पैसे घाल.

आता गाइड. पीएमआयच्या संकेतस्थळावर सीएपीएमचा परीक्षा आराखडा फुकट मिळतो. तो उतरवून छापून घे. 2023 च्या आराखड्यात मूलभूत संकल्पनांना 36 टक्के, आधी आखणी करून चालणाऱ्या पारंपरिक पद्धतींना 17, थोडं थोडं काम पूर्ण करत बदल सामावून घेणाऱ्या अ‍ॅजाइलला 20 आणि गरजांचा अभ्यास करणाऱ्या बिझनेस अ‍ॅनालिसिसला 27 टक्के वजन आहे. हा शेवटचा आकडाच जुनी गाइडं बाद करतो. 2018 चं गाइड पीएमबोक या पीएमआयच्या संदर्भग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीवर, म्हणजे 49 प्रक्रियांच्या पाठांतरावर उभं असणार. गरजा कशा गोळा करायच्या, त्यांचा माग कसा ठेवायचा, काम स्वीकारण्याचे निकष कोण ठरवतं, यावर त्यात स्वतंत्र प्रकरण सापडणार नाही. म्हणजे पेपरचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग जवळजवळ कोराच. आराखडा मधूनमधून बदलतो, त्यामुळे कोणतंही गाइड हातात घेतलं की आधी अनुक्रमणिका आराखड्याशी ताडून बघ.

दुसरी कसोटी सरावाच्या प्रश्नांची. ऑनलाइन दुकानात बहुतेक पुस्तकांची काही पानं फुकट वाचता येतात. तिथे उत्तरांचं स्पष्टीकरण वाच. नुसतं ‘बरोबर उत्तर : ब’ असेल तर ते गाइड सोड. उदाहरण तुझ्याच साइटचं घे. टाकी आणि पाइपलाइनचं एकूण बजेट 20 लाख. महिनाअखेर 10 लाखांचं काम व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात 8 लाखांच्या मोलाचं झालं, खर्च 9 लाख झाला. खर्चाचा निर्देशांक म्हणजे झालेल्या कामाचं मोल भागिले झालेला खर्च : 8 भागिले 9, म्हणजे 0.89; एकाच्या खाली आला की खर्च बजेटबाहेर चाललाय. याच गतीने गेलं तर काम 22.5 लाखांवर जाणार. अशा प्रश्नाच्या पर्यायांत 1.11 हा आकडाही दिलेला असतो. तो 10 ला 9 ने भागून येतो, आणि त्यावरून काम बजेटच्या आत आहे असं वाटतं. साइटवरची मुलं इथे हमखास फसतात, कारण ठरलेलं काम, झालेलं काम आणि पास झालेलं बिल हे तिन्ही आकडे त्यांच्या डोक्यात एकच झालेले असतात. 1.11 का चूक आहे हे समजावून सांगणारं गाइड घे, मग ते पातळ असलं तरी चालेल.

जुनं पुस्तक नागपूरच्या सीताबर्डीत स्वस्त मिळेल, पण त्यातला ऑनलाइन प्रश्नसंचाचा कोड आधीच्या मालकाने वापरलेला असतो. नवी आवृत्ती छापील घे. तक्ते आणि कामांचा क्रम दाखवणाऱ्या जाळीच्या आकृत्या मोबाइलवर वाचून डोळे जातात, हाती काही लागत नाही. पीएमबोक हे सरावाचं गाइड नव्हे. ते संदर्भासाठी असतं, आणि पीएमआयच्या सदस्यांना त्याची डिजिटल प्रत मोफत मिळते.

पैसे कोणत्या क्रमाने घालायचे हेही महत्त्वाचं. पुस्तक वाचून 23 तास भरत नाहीत, त्यासाठी कोर्सचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून आधी कोर्स निवड. त्यात प्रश्नसंच येत असेल तर पुस्तक एकच पुरे. तीन गाइडं घेतलीस तर तिघांच्या वेगवेगळ्या शब्दांत गोंधळशील. अर्ज मंजूर झाल्यापासून वर्षभरात परीक्षा द्यायची असते, तेवढ्यात तीन प्रयत्न मिळतात. निम्मं गाइड झाल्यावरच अर्ज भर.

परीक्षेत 150 प्रश्न, तीन तास. एका प्रश्नाला 72 सेकंद. पेपर मराठीत नसतो, म्हणून रोज वीस प्रश्न घड्याळ लावून इंग्रजीतूनच सोडव. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं कारण वहीत लिही : संकल्पना कळली नाही, की प्रश्न नीट वाचला नाही. दुसरं कारण जास्त निघालं तर नवं पुस्तक काही करू शकणार नाही, वाचायचा वेगच वाढवावा लागेल. घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण लाइट किंवा नेट गेलं की सगळंच अडकतं. गावातून देऊ नकोस, केंद्रावर जा.

पीएमपीची तयारी मात्र आजच सुरू कर. प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवटची तारीख, तुझी भूमिका, तू स्वतः घेतलेले निर्णय, कामाचा निकाल, हे लिहून ठेव. अर्जाची पडताळणी निघाली तर वरिष्ठांची सही लागते, आणि तोवर ठेकेदार बदललेला असतो. आत्ताच्या योजनेचं काम संपलं की त्याच आठवड्यात लेटरहेडवर तारखांसह पत्र घेऊन ठेव.